2 टनी ट्रॉली जॅक आणि 3 टनी स्टँडची जोडी, वापरून झाल्यावरचं मत

आधीच सांगून टाकतो, सेटमधला जॅक बरा आहे पण पैसे वसूल होतात ते स्टँडमुळे. जॅकचं काम गाडी वर न्यायचं, तिथे धरून ठेवायचं काम त्याचं नाहीच, ते स्टँडचं. आत तेल, रबरी सील आणि एक छोटासा व्हॉल्व्ह असतो, यातलं एक जरी गळालं तरी गाडी खाली येते आणि कधी येईल ते कळतही नाही. त्यामुळे ज्याला घरी ऑइल बदलायचंय, ब्रेक पॅड बघायचेत, खाली शिरून खडखड कुठून येतेय ते शोधायचंय त्याने आधी स्टँड नीट निवडावेत, जॅक नंतर. आणि डिकीत मिळतो तो स्क्रूवाला जॅक फक्त स्टेपनी लावण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली कृपा करून जाऊ नका. विटा नि सिमेंटचे ब्लॉक तर नकोच नको, ते वाकत बिकत नाहीत, एकदम फुटतात.

आता स्टँड. रॅचेटवाले आहेत, मधला दांडा वर ओढला की टकटक करत दातांवर अडकतो आणि त्याशिवाय आरपार एक जाड पिन घालायची सोय आहे. ही पिन बघूनच मी हे घेतले. 2020 मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या अवजारं विकणाऱ्या कंपनीने पिट्सबर्ग नावाचे 3 टनी आणि 6 टनी स्टँड परत मागवले होते, कारण काही नगांमध्ये दात आणि खटका पुरेसे खोल अडकत नव्हते आणि दांडा अचानक खाली घसरू शकत होता, आणि नंतर बदली दिलेल्यांपैकी काही 3 टनींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला. म्हणजे लोखंड जाड दिसतंय एवढ्यावर विश्वास ठेवून चालत नाही. पिन असली तर खटक्याने दगा दिला तरी दांडा तिथेच अडतो. माझ्या जोडीत दात अर्धवट बसला असेल तर भोकं जुळत नाहीत आणि पिन आत जातच नाही, त्यामुळे चूक तिथल्या तिथे कळते, हे मला फार आवडलं. वेल्डिंग चारही पायांना सलग आहे, कुठे तुटक टाके नाहीत. तुम्ही कुठलेही घेतलेत तरी बॉक्स उघडल्यावर बॅटरीच्या उजेडात हे सांधे एकदा बघाच.

3 टनाचं काय ते पण नीट वाचा. बऱ्याच स्टँडवर लिहिलेलं वजन जोडीचं मिळून असतं, एकेकाचं नाही, आणि ते लेबलवर बारीक अक्षरात असतं. माझ्या स्टँडवरही जोडीचंच आहे. तरी छोट्या गाडीला पुरून उरतं, 1200 किलोची फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी धरली तर साधारण 60 टक्के वजन पुढे, म्हणजे पुढची बाजू उचलली की दोन स्टँडवर मिळून सातशे किलोच्या आसपास. मोठी एसयूव्ही असेल तर मात्र वरचा साइज घ्या.

खटकलेली गोष्ट म्हणजे वरची खाच उघडी लोखंडी आहे, रबर नाही. गाडीच्या सिलखाली, म्हणजे दारांच्या खालच्या लांब पट्टीखाली, जी पत्र्याची उभी कड असते ती थेट त्यावर टेकवली तर कड वाकते आणि रंग उडून गंज धरतो. चीर असलेले रबर पॅड वेगळे घ्यावे लागतात, ते सोबतच द्यायला हवे होते.

जॅक हलका आहे, चाकं मोकळी फिरतात. हे महत्त्वाचं आहे कारण गाडी वर जाताना जॅकचा हात कमानीत फिरतो आणि जॅक स्वतः थोडा सरकत गाडीखाली जातो, तो खडीत किंवा फरशीच्या फटीत अडकला तर गाडी जिच्यावर टेकते ती वरची वाटी जागेवरून घसरते. म्हणून सपाट कडक जमीनच पाहिजे, उन्हात तापलेल्या डांबरावर स्टँडचे पाय रुततात, तिथे खाली जाड प्लायवूड टाका. गाडी उतरवायच्या व्हॉल्व्हबद्दल तक्रार आहे, पाव फेऱ्याच्या आत तो एकदम उघडतो आणि गाडी धपकन उतरते, हँडल अगदी केसभर फिरवावं लागतं. खालची उंचीही 13 सेंटीमीटर आहे, बुटक्या गाडीखाली शिरणार नाही.

हँडब्रेकचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बहुतेक गाड्यांमध्ये तो मागच्या चाकांनाच लागतो, म्हणजे मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग शून्य, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय हँडल मारायचंच नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. स्टँड मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावायचे, गाडी हळू त्यांच्यावर उतरवायची आणि खाली जाण्याआधी बाजूने चांगली जोर लावून हलवून बघायची, हलली तर पुन्हा उचलून नीट बसवा. गाडी घसरलीच तर अडावी म्हणून काढलेलं चाक मी सिलच्या खाली आडवं सरकवून ठेवतो आणि जॅकही जेमतेम टेकलेला राहू देतो. याला दोन मिनिटं लागतात, घाईत असाल तरी सोडू नका.

एकूण स्टँड डोळे झाकून घ्या, जॅक चालून जाईल. नवा जॅक अर्धवटच उचलत असेल तर लगेच परत पाठवू नका, आत हवा अडकलेली असते, व्हॉल्व्ह उघडा ठेवून वजनाशिवाय हँडल थोडा वेळ पूर्ण वरखाली मारा, माझा त्यानंतर नीट चालला. तरीही उचललेली गाडी आपोआप खाली बसत असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय, तो जॅक मात्र बदलूनच घ्या.