'अ रिंकल इन टाइम' : सगळ्यांसारखं व्हायचंय म्हणणाऱ्या मुलांना नक्की द्या

माझी लेक अकरा वर्षांची आहे आणि गेलं वर्षभर घरात एकच चालू असतं, सगळ्या तशा बोलतात, सगळ्यांकडे तसं आहे, मग मीच अशी का. समजावून थकले. शेवटी मॅडलिन लेंगल यांचं हे पुस्तक काढलं आणि रोज थोडं थोडं दोघींनी मिळून वाचलं. १९६२ चं आहे, दोन डझनांहून जास्त प्रकाशकांनी नको म्हटलेलं, आणि आल्यावर पुढच्याच वर्षी त्याला न्यूबेरी मेडल, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, मिळालं.

मेग नावाची मुलगी, चष्मा, दातांना तारा, गणित छान येतं पण वडिलांनी शिकवलेल्या शॉर्टकटने सोडवते म्हणून शाळेत बोलणी खाते, आणि धाकट्या भावाला कुणी काही बोललं की सरळ मारामारी. तिला अगदी मनापासून चारचौघींसारखं व्हायचंय. शास्त्रज्ञ वडील बेपत्ता आहेत, त्यांना शोधायला मेग, तिचा धाकटा भाऊ आणि शाळेतला कॅल्विन अवकाशातून दुसऱ्या ग्रहांवर पोचतात. ते कसं, तर ताणलेल्या कापडावर मुंगीला लांब चालावं लागतं, तेच कापड दुमडून दोन टोकं जवळ आणली की मुंगी पोचलीच. लेकीने लगेच टॉवेल घेऊन करून बघितलं.

पण खरं पुस्तक सुरू होतं ते कॅमाझॉट्झ ग्रहावर. सगळी घरं एकसारखी, प्रत्येक घरापुढे मुलं, सगळ्यांचे चेंडू एकाच क्षणी खाली आपटतात, दोरीवरच्या उड्यासुद्धा एका ठेक्यात. एका मुलाचा चेंडू निसटतो तर त्याची आई घाबरून त्याला आत ओढून नेते. म्हणजे मेगला जे हवं होतं ते इथे शंभर टक्के झालंय, आणि ते बघून अंगावर काटा येतो. लेक इथे एकदम गप्प झाली होती. मला कॅल्विनही फार आवडला, शाळेत पॉप्युलर, बास्केटबॉल खेळणारा, पण आतून त्यालाही आपण इथले नाही असंच वाटत असतं, आणि हे तिच्या वयाच्या मुलांना कोण सांगतं!

वडील सापडतात पण सगळं नीट करून देत नाहीत, मेग त्यांच्यावर जाम चिडते, तेही अगदी खरं वाटतं.

खटकलं ते म्हणजे शेवट फार घाईत उरकलाय, दोन पानं अजून हवी होती. बायबलमधली आणि परक्या भाषांतली वाक्यं मध्येमध्ये येतात, तिथे मोठं कुणीतरी सोबत असलेलं बरं. दहाच्या आतल्या मुलांना कॅमाझॉट्झवर सत्ता चालवणारा, नुसता मेंदू असलेला खलनायक भीतीदायक वाटू शकतो, झोपताना वाचू नका.

तो चेंडूवाला मुलगा नंतर पुन्हा दिसतो, चेंडू आपटायचा सराव करताना, आणि प्रत्येक आपटीला दुखल्यासारखा ओरडतो. पुस्तक संपल्यावर लेकीने पहिला प्रश्न विचारला तो त्याच्याबद्दलच, त्याचं पुढे काय झालं. पुस्तकात ते येत नाही. आम्ही दोघी अजून त्यावर बोलतोय.