पुणे–नागपूर विमान: ६०० किमीचा हिशोब, आठ-नऊ महिने जाऊन-येऊन

बाबांच्या तपासण्या नागपूरला सुरू झाल्यापासून माझी ये-जा बसवरून विमानावर आली. आता बऱ्यापैकी अंदाज आलाय म्हणून लिहितोय, कारण ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की "विमानाने किती वेळ लागतो रे?"

नेटवर टाकलं की लोहगाव (पुण्याचं विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचं) साधारण ६०० किमी दाखवतं. ते बरोबरच आहे पण ते सरळ रेघेचं अंतर. रोडने संभाजीनगरवरून समृद्धी पकडून गेलात तरी सातशेच्या वर जातं, आणि रेल्वे दौंड-मनमाड-भुसावळ असा वळसा घेते म्हणून वंदे भारतचे ८८१ किमी आणि १२ तास. तिकिटावर विमानाचा वेळ सव्वा ते दीड तास असतो, त्यात हवेत तासभरच, बाकी पुशबॅक (विमान गेटवरून मागे ढकलणं), टॅक्सी (रनवेपर्यंत जमिनीवरून सरकत जाणं) आणि रनवेची वाट बघणं. लोहगाव मुळात एअरफोर्सचं, रनवे एकच, कधी सुखोई आधी उडतात मग आपला नंबर (भाच्याला सोबत नेलं तर त्याचे पैसे तिथेच वसूल!).

आता गंमत अशी की जाताना आणि येताना वेळ सारखा लागत नाही. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो, नागपूरकडे जाताना तो मागून ढकलतो, येताना तोंडावर येतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत परतीला दहाएक मिनिटं जास्त लागलेली मी घड्याळ लावून बघितलीत. पावसाळ्यात वरचा वारा उलटा फिरतो पण आपल्या एवढ्याशा अंतराला ते फारसं कळत नाही, तेव्हा लोहगाववर ढग असले तर घिरट्या घालण्यात जास्त वेळ जातो.

खरा वेळ खालीच जातो हो. माझं घर कोथरूडला. तिथून संध्याकाळी विमाननगर म्हणजे दीड तास धरूनच चाला, दीड-दोन तास आधी पोचायचं, मग विमान, मग बॅग. नागपूरला मात्र सुख आहे, वर्धा रोडवर एअरपोर्ट नावाचंच मेट्रो स्टेशन, तिथून सीताबर्डी झटकन. घर ते घर पाच-साडेपाच तास होतात, ट्रॅव्हल्सने रात्रभर बसून सकाळी कंबर धरून उतरण्यापेक्षा शंभर टक्के बरं.

सीट मिळत असेल तर जाताना डावी खिडकी घ्या. आकाश साफ असेल तर आधी नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) दिसतो, केवढा पसरलाय ते वरूनच कळतं, आणि मग थोड्या वेळाने लोणार. नकाशावर रेघ मारून बघा, लोणारच्या अगदी शेजारून जाते. गोल हिरवट खड्डा, पंख मध्ये आला नाही तर मिनिटभर दिसतो, तेवढ्यात मोबाईल काढेपर्यंत गेला पण.

शेवटची फ्लाइट शक्यतो टाळा. तेच विमान दिवसभर तीन-चार शहरं फिरून आलेलं असतं, जानेवारीत उत्तरेत कुठे धुक्यात अडकलं की रात्री आपल्याला लेट, आणि तेव्हा मेट्रोही बंद झालेली असते. सकाळची घ्या. दिवाळीत आणि लग्नसराईत मात्र तिकिटाचे आकडे बघून घाम फुटतो बाप्पा, तेव्हा मी गपगुमान वंदे भारतचं बुकिंग करतो.