जुनं पोकलेन दबतंय: खर्च इंजिनावर करायचा की हायड्रॉलिकवर?

हजारो तास चाललेलं पोकलेन लोड घेईनासं झालं की मालकाला दोन सल्ले मिळतात. डिझेल इंजिनाचा मिस्त्री म्हणतो, बोअर-पिस्टन (सिलिंडर-पिस्टनचं मोठं काम) करावं लागेल. हायड्रॉलिकवाला म्हणतो, पंप उतरवू. दोन्ही कामं मोठ्या खर्चाची, आणि निवड चुकली तर एवढा पैसा घालूनही मशीन दबायचं ते दबतंच. माझं ठाम मत आहे की आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, मोजल्याशिवाय दोघांपैकी कुणालाही पाना लावू देऊ नये.

गोंधळ होतो तो लक्षण एकच असल्यामुळे. पंप फिरवतं इंजिन, आणि पंपाला किती ताकद लागणार हे तेलाचा दाब आणि प्रवाह या दोहोंवर ठरतं. इंजिन कमजोर झालं तर नेहमीचा भारही त्याला जड जातो. पण दाब वाढल्यावर पंपाने प्रवाह कमी करायला हवा, ते काम रेग्युलेटरचं. तो अडकला तर धडधाकट इंजिनही खाली बसतं. दोन्ही वेळा ऑपरेटरला दिसतं ते सारखंच: काळा धूर आणि दबलेला आवाज.

तेल कामाच्या तापमानाला आणा, थ्रॉटल पूर्ण द्या आणि लोड नसताना आरपीएम मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. तो इथेच कमी असेल तर आधी थ्रॉटलची केबल किंवा मोटर आणि इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची लिंक तपासा. पंपाचा प्रवाह आरपीएमवर चालतो, त्यामुळे हा आकडा बरोबर आल्याशिवाय हायड्रॉलिकच्या मोजमापाला अर्थ नाही. मग आर्म शेवटपर्यंत नेऊन लिव्हर काही सेकंदच धरा आणि आरपीएम बघा. जास्त धरलं तर तेल तापतं. काही मशीनमध्ये दाब रिलीफला (जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या मर्यादेला) पोचताच पंप स्वतःच प्रवाह घटवतो, म्हणून खऱ्या खोदकामातही काटा बघा.

आरपीएम टिकतो पण बूम-आर्म सुस्त चालतात, तर दोष हायड्रॉलिकचा. आरपीएम कोसळतो, तर इंजिन किंवा रेग्युलेटर.

या दुसऱ्या प्रकारात घाई सर्वांत महाग पडते. झिजलेलं इंजिन आपली खूण ठेवतं: सकाळी चालू व्हायला त्रास, निळा धूर, वरचेवर ऑइल टाकावं लागणं, ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर जोरात येणारा वाफारा. यांतलं काहीच नसेल तर बोअर-पिस्टनचा विचार बाजूला ठेवा आणि डिझेलच्या वाटेने जा. फिल्टर, पाणी वेगळं करणारा बाउल, टाकीच्या तळाचा गाळ, एअर घेणारा जुना होज पाइप. इंजिन थोडा वेळ नीट चालून दबत असेल आणि डिझेल टाकीचं झाकण सैल केल्यावर सुधारत असेल, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. एअर फिल्टर आणि टर्बोपासून इनटेकपर्यंतचे क्लॅम्पही बघा. तिथून हवा निसटली तरी काळा धूर येतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात एकेका नोझलची लाइन सैल करून कमजोर सिलिंडर शोधता येतो. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं असं) हे अजिबात करू नका, तिथला दाब 1000 बारच्या वर जातो. डिझेल आणि हवा दोन्ही ठीक निघाले, इंजिनाची खूणही नाही, तर संशय रेग्युलेटरवर किंवा त्याला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरवर.

हायड्रॉलिकच्या बाजूला पहिला प्रश्न: सगळं सुस्त की एकच हालचाल? एकच असेल तर त्या सिलिंडरचं सील, स्पूल (व्हॉल्व्हमधला तेलाची वाट उघडणारा दांडा) किंवा पोर्ट रिलीफ (त्याच लाइनचा रिलीफ). पंपाला हात लावायची गरज नाही. सगळंच सुस्त असेल तर आधी पायलट प्रेशर, म्हणजे स्पूल हलवणारा कमी दाब, मोजा. ते साधारण 30 ते 40 बार लागतं आणि घसरलं की मुख्य पंप चांगला असूनही स्पूल पूर्ण उघडत नाहीत. मेन रिलीफ वीस टनी मशीनमध्ये बहुधा 320 ते 350 बारच्या आसपास असतो. नेमका आकडा मॅन्युअलचाच धरा. सुस्ती घालवायला रिलीफचा स्क्रू आवळणं हा उपाय नाही, त्याने होज फुटतात. मशीन चालताना एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही बाजूंच्या मुख्य पंपांच्या डिलिव्हरी लाइन अदलाबदल करून बघा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर पंप, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह, सेंटर जॉइंट (मधला फिरता सांधा) किंवा चेन फिरवणारी ट्रॅव्हल मोटर. थंड असताना झकास आणि तेल तापल्यावर सुस्त, हे झिजेचं लक्षण. त्यासाठी पंपाचा केस ड्रेन (पंपात आतून गळून परत जाणारं तेल) मोजून घ्या. लाइन सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवून दाब काढा. गळती कधीही हाताने शोधू नका, पुठ्ठा धरा. बारीक फवारा कातडीत घुसला तर जखम टिचभर दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावं लागतं.

दोन्हीकडे थोडीथोडी झीज सापडली तर मी आधी इंजिन सुधारायला सांगेन. याला अपवाद एकच. हायड्रॉलिकचा फिल्टर कापून बघा. त्यात पितळी कण चमकत असतील तर पंप आतून झिजतोय, आणि मशीन त्याच दिवशी थांबवावं लागेल. तेव्हा नुसता पंप बदलून भागत नाही. टाकी, कूलर, लाइन सगळं धुऊन घ्या, नाहीतर तोच चुरा नव्या पंपात जातो.