न्यायालयात मुलाची बाजू मांडणारी स्वयंसेवा : ‘कासा’चे परीक्षण

अमेरिकेत छळ किंवा हेळसांड झालेल्या मुलाचे प्रकरण न्यायालयात उभे राहते, तेव्हा बाजू मांडणारे पुष्कळ असतात. पण त्या मुलाला प्रत्यक्ष भेटून, त्याच्या हिताखेरीज दुसरा कसलाही विचार न करता न्यायाधीशांना माहिती देणारे कोणी असेलच असे नाही. ही उणीव जाणवल्यामुळे सिॲटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी १९७७ साली सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन हे काम सोपवले. ‘कासा’ (कोर्ट अपॉइंटेड स्पेशल ॲडव्होकेट्स, म्हणजे न्यायालयाने मुलासाठी नेमलेले विशेष प्रतिनिधी) नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत स्वयंसेवक म्हणून काम केल्यावर ती मला मनापासून मोलाची वाटते, मात्र तिच्यात एक ठळक उणीवही आहे.

सुरुवातीचे ३० तासांचे प्रशिक्षण एकंदरीत चांगले आहे. त्यातही न्यायालयाला द्यायच्या अहवालाचा भाग मला सर्वांत उपयोगी वाटला, कारण आपण स्वतः काय पाहिले, दुसऱ्याकडून काय ऐकले आणि त्यावरून आपण काय अनुमान काढले, हे वेगवेगळे मांडण्याची शिस्त तिथे लागते. मुलाची इच्छा आणि मुलाचे हित यांत फरक पडला, तर आपली शिफारस हिताच्या बाजूने करावी. पण मुलाची इच्छाही न्यायाधीशांपर्यंत जशीच्या तशी पोहोचवावी, हा नियम मला फार न्याय्य वाटतो.

उणीव आहे ती गरिबी आणि हेळसांड यांतील फरक शिकवण्यात. बालकल्याण खात्याकडे येणाऱ्या प्रकरणांत हेळसांडीचे प्रमाण सर्वाधिक असते, आणि खायची-राहायची ददात नसलेल्या स्वयंसेवकाला रिकामा फ्रिज किंवा एकाच खोलीत झोपणारी भावंडे पाहून आईविषयी चुकीचे मत बनवायला वेळ लागत नाही. या विषयाला आमच्या प्रशिक्षणात फारच थोडा वेळ मिळाला. परिणाम मात्र गंभीर असतात : १९९७च्या संघराज्य कायद्यानुसार मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने पालकांपासून दूर सरकारी देखरेखीखाली राहिले, तर काही अपवाद वगळता पालकांचे हक्क संपवण्यासाठी राज्याला अर्ज करावा लागतो. या काळात व्यसनमुक्ती उपचारांसाठी आईचे नाव प्रतीक्षायादीतच राहिले, किंवा सुनावणीला पुढची तारीख पडत गेली, तर तो दोष तिचा नसतो. न्यायालयाने सांगितलेली मदत तिला खरोखर कधी मिळाली, याची नोंद अहवालात करणे हे माझ्या मते स्वयंसेवकाचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

स्वयंसेवकाकडे एका वेळी एक किंवा दोनच प्रकरणे असतात, आणि योजनेचे खरे बळ त्यातच आहे. प्रकरण हाताळणारे बालकल्याण खात्याचे कर्मचारी (केसवर्कर) बदलतात, मुलाला सांभाळणारे कुटुंब बदलते, शाळा बदलते. दर महिन्याला भेटायला येणारा माणूस तरी तोच राहतो. मुलाला स्वतःच्या घरी नेता येत नाही आणि गोपनीयता कडकपणे पाळावी लागते. ही बंधने योग्यच आहेत.

वयाची २१ वर्षे पूर्ण झालेल्या आणि पार्श्वभूमी तपासणीला तयार असलेल्या कोणालाही मी हे काम सुचवीन, पण प्रकरण निकाली निघेपर्यंत टिकून राहण्याची तयारी नसेल, तर त्यांनी अर्ज करू नये.