प्लिकर्स: चाळीस कागदी कार्डे, एक फोन आणि गोव्यातला मराठी वर्ग

वर्गात खेळातून शिकवायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो उपकरणांचा. गोव्यात सहावी ते आठवीपर्यंत 'केअर्स' योजनेमुळे कोडिंग आणि रोबोटिक्स शाळेत आले, संगणक कक्षही बऱ्यापैकी वापरात आहेत. पण सत्तरी किंवा सांगेतल्या मराठी प्राथमिक शाळेत गणिताचा नेहमीचा तास चालू असतो, तेव्हा मुलांच्या हातात टॅब नसतो आणि असावा असेही नाही. प्लिकर्स हे अॅप नेमके इथे कामाचे आहे. मुलांकडे फक्त कागदी कार्ड, शिक्षकाकडे एक अँड्रॉइड किंवा आयफोन. शिक्षक प्रश्न विचारतो, मुले उत्तराचे अक्षर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरतात, शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि प्रत्येकाचे उत्तर नावासकट नोंदले जाते.

प्रत्येक कार्डावर काळ्या चौकटींची वेगळी आकृती असते आणि चार कडांना ए, बी, सी, डी ही बारीक अक्षरे. आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याने कार्ड कसे धरले ते पाहून नक्कल करता येत नाही. हात वर करायला सांगितले की हुशार मुलाकडे पाहून निम्मा वर्ग हात वर करतो, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. या साधनाची खरी किंमत इथेच आहे: मागच्या बाकावरच्या अबोल मुलाचे मत पहिल्या बाकावरच्या मुलाइतकेच ठळक दिसते.

छपाईकडे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण बहुतेक तक्रारी तिथेच सुरू होतात. कार्डांची पीडीएफ प्लिकर्सच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे, एका पानावर दोन, म्हणजे २० पाने. मोठ्या वर्गासाठी ६३ कार्डांचा संचही आहे. २०० ते २५० जीएसएमचा जाड कागद घ्यावा आणि लेझर प्रिंटरवर छापावे. पानाला दहा रुपये धरले तरी दोनशे रुपयांत संच होतो. झेरॉक्सवर झेरॉक्स काढलेली कार्डे घेऊ नयेत. काळा रंग करडा पडतो, कडा पुसट होतात आणि फोन ते कार्ड वाचतच नाही. छापताना आकृती एका दिशेने ताणली जाणार नाही हे पाहावे, चौकोन चौकोनच राहिला पाहिजे.

पुढचा प्रश्न लॅमिनेशनचा. चकचकीत लॅमिनेशन टाळावे, कारण ट्यूबलाइटची तिरीप त्यावर पडली की आकृतीचा तेवढा भाग पांढरा होतो. पण गोव्याच्या पावसाळ्यात लॅमिनेशन न करूनही भागत नाही. जूनमध्ये छापलेली उघडी कार्डे चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, दमटपणाने वाकतात आणि वाकलेले कार्ड दुरून वाचता येत नाही. मॅट लॅमिनेशन करावे. ते जवळपास मिळत नसेल तर कार्ड पुठ्ठ्यावर चिकटवावे आणि संच हवाबंद डब्यात ठेवावा.

कार्ड हातात आल्यावर आधी मागची बाजू तयार करून घ्यावी. शिक्षकासमोर आकृती असते, म्हणून मुलाला दिसते ती कोरी पाठ. लहान मुले आधी आकृतीकडे पाहून अक्षर वर आणतात आणि मग कार्ड उलटताना पुस्तकाच्या पानासारखे न उलटता वरची कड खाली नेतात. तसे झाले की विरुद्ध कडेचे अक्षर वाचले जाते आणि अगदी बरोबर उत्तर देणारे मूल चूक ठरते. यावर उपाय सोपा आहे. कार्ड उजेडासमोर धरून पाठीमागे प्रत्येक कडेला त्याच कडेचे अक्षर मोठ्या मार्करने लिहावे. पहिली-दुसरीसाठी तिथे अ, ब, क, ड लिहिले तरी चालते, फक्त फळ्यावर पर्याय लिहितानाही तीच अक्षरे वापरावीत. मध्यभागी कार्डाचा क्रमांक लिहावा. मुलांना एकच सांगावे: हवे ते अक्षर वर, दोन्ही हात खालच्या कोपऱ्यांना, कार्ड छातीसमोर. बोटे आकृतीवर आली की कार्ड वाचले जात नाही, हे नव्या वर्गात हमखास घडते.

क्रमांक हजेरीपटाप्रमाणे द्यावेत. प्लिकर्सवर वर्ग तयार करताना प्रत्येक नावासमोर कार्ड क्रमांक बसतो आणि तोच संच दुसऱ्या वर्गात दुसऱ्या नावांसाठी चालतो. म्हणजे अख्ख्या शाळेला एक संच पुरतो. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसत असतील तर तिसरीला १ ते १५ आणि चौथीला १६ पासून पुढचे क्रमांक द्यावेत, दोन वेगळे वर्ग करावेत आणि एका गटाचे प्रश्न चालू असताना दुसऱ्याची कार्डे बाकावर पालथी ठेवावीत. कार्ड हरवले तर त्या क्रमांकाचे पान पुन्हा छापले की झाले. मात्र जुने सापडले तर ते फाडून टाकावे, नाहीतर एकाच क्रमांकाची दोन कार्डे वर्गात फिरतात आणि एका मुलाचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर जाते.

स्कॅन करताना खिडकीकडे पाठ करून उभे राहावे. मोठ्या खिडक्यांच्या जुन्या शाळांत मुलांच्या मागे उजेड असला की कार्डे काळोखात जातात. फोन डावीकडून उजवीकडे सावकाश न्यावा. वर्गाने एकदम कार्डे वर धरली तर ३०-४० मुलांसाठी अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ पुरतो. कोणाची नोंद राहिली ते फोनवर दिसते. फोनच्या पडद्यावर बरोबर-चूक रंगात दिसत असते, म्हणून तो मुलांकडे वळवू नये. प्रोजेक्टर असेल तर संगणकावर प्रश्न दाखवता येतो. तिथे कोणी उत्तर दिले एवढेच दाखवावे, बरोबर उत्तर लगेच उघड करू नये.

हे शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे. उत्तर लगेच दाखवले की प्लिकर्सची साधी घटक चाचणी होते. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत इथे जशीच्या तशी वापरता येते: प्रश्न, एकट्याने विचार, उत्तर, मग शेजाऱ्याशी दोन मिनिटे चर्चा आणि त्याच प्रश्नाला पुन्हा उत्तर. पहिल्या फेरीत ३० ते ७० टक्के मुले बरोबर असतील तर चर्चेला सर्वांत जास्त फळ येते. त्याहून कमी असतील तर शिक्षकाने पुन्हा शिकवावे, जास्त असतील तर पुढे जावे. त्यासाठी प्रश्नाची दुसरी प्रत यादीत आधीच ठेवून द्यावी, म्हणजे दोन्ही फेऱ्यांची नोंद वेगळी राहते. ३५-४० मिनिटांच्या तासात असे तीन प्रश्न भरपूर झाले.

आणि प्रश्न चांगला नसेल तर बाकी सगळी मेहनत फुकट. उदाहरणार्थ दशांश: ०.५, ०.३८५ आणि ०.०९ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती? ज्याने ०.३८५ निवडले तो ३८५ ही पूर्ण संख्या समजून वाचतो. ज्याने ०.०९ निवडले त्याला ९ हा मोठा अंक दिसला. पण ०.५ म्हणणाऱ्या सगळ्यांना समजले असे धरू नये, कारण 'अंक कमी तितकी संख्या मोठी' असे मानणारी मुलेही तेच उत्तर देतात. त्यांना ओळखायला लगेच दुसरा प्रश्न लागतो: ०.३ मोठे की ०.३७? चौथा पर्याय भरायचा म्हणून भरू नये. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलांच्या डोक्यातला एक ठरावीक गैरसमज हवा.

गोव्याच्या मुलांना भिडेल असा प्रश्न भरतीचा. आज सकाळी १० वाजता भरती असेल तर उद्या सकाळची भरती साधारण केव्हा: ९.१०, १० की १०.५०? चंद्र रोज आपल्या कक्षेत पुढे सरकतो, म्हणून भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. १० म्हणणारे मूल भरती घड्याळाला बांधून टाकते. ९.१० म्हणणाऱ्याला वेळ सरकते हे माहीत असते, पण दिशा चुकते. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरायला, जाणाऱ्या घरातले, एरवी वर्गात तोंड न उघडणारे मूल इथे बरोबर असण्याची शक्यता मोठी, आणि चर्चेच्या फेरीत शेजाऱ्याला समजावण्याची पाळी त्याच्यावर येते. घरी कोकणी आणि शाळेत मराठी असलेल्या मुलांना ही चर्चा कोकणीत करू द्यावी. प्रश्न मात्र छोटा, एका वाक्याचा ठेवावा. देवनागरी मजकूर व्यवस्थित चालतो.

कहूट या प्रश्नमंजुषेच्या अॅपशी तुलना होणारच. कहूटचा जोश मोठा आहे, संगीत आणि गुणफलकामुळे वर्ग उसळतो. पण तिथे प्रत्येकाला किंवा गटाला उपकरण लागते आणि नेहमीच्या मांडणीत लवकर उत्तराला जास्त गुण, कमाल १०००. सावकाश वाचणारे मूल त्यात मागे पडते आणि पुढे अंदाजाने बटण दाबायला शिकते. प्लिकर्समध्ये घड्याळ नाही, हा आमच्या मते त्याचा मोठा गुण. बेंगळुरूत सुरू झालेल्या क्विझिझमध्ये, म्हणजे आताच्या वेग्राउंडमध्ये, अशीच कागदी कार्डांची सोय आहे. तयार प्रश्नांचा साठा हवा असेल त्यांनी ते पाहावे. प्लिकर्सच्या मोफत खात्यात एका संचातल्या प्रश्नांना मर्यादा आहे, पण तीन प्रश्नांच्या तासाला ती आड येत नाही. डॉलरमधली वर्गणी शाळेने भरावी असे त्यात काही नाही.

नावांची काळजी घ्यावी. यादी परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. पूर्ण नावांऐवजी हजेरी क्रमांक टाकावेत, खरी नावे वहीत ठेवावीत.

प्रौढांच्या प्रशिक्षणातही कार्डे उत्तम चालतात. हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या कामगारांना अन्नसुरक्षा शिकवताना लॉगिन, पासवर्ड, वायफाय यांतच अर्धा तास जातो. इथे कार्ड वाटले की सुरुवात. 'शिजवलेली करी वाढेपर्यंत किती अंशांवर ठेवायची' या प्रश्नाला ४०, ५० आणि ६० च्या वर असे पर्याय द्यावेत. गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड ५ च्या खाली हा नियम ऐकलेला असतो, पण 'हाताला गरम लागते म्हणजे झाले' असे मानणारे ४० किंवा ५० वर कार्ड धरतात. वरिष्ठ शेफसमोर हात वर करायला कचरणारा माणूस कार्ड मोकळेपणाने धरतो, कारण ते कोणाला वाचता येत नाही.

नेट मात्र हवे. ओळखण्याचे काम फोनच करतो, त्यामुळे डेटा थोडाच लागतो, पण रेंजच नसलेल्या वाड्यावरच्या शाळेत हे साधन चालवण्याच्या भानगडीत पडू नये. तिथे प्रत्येक मुलाला चार रंगांचे चार पत्ते द्यावेत, 'तीन' म्हणताच सर्वांनी एकदम वर धरावेत आणि शिक्षकाने नजर फिरवावी. नोंद राहत नाही आणि नक्कल थोडी होते, पण चर्चेची फेरी, गैरसमजांवर बेतलेले पर्याय आणि दुसरे उत्तर हे सगळे तसेच्या तसे करता येते. कोणत्या मुलाने दुसऱ्या फेरीत रंग बदलला ते तेवढे हजेरीपटाच्या समासात टिपून ठेवावे.