सव्वादहा इंची की सव्वाबारा? ऑडली एंड आणि एक्सबरीच्या छोट्या गाड्या

भारतातून आई-बाबा आले की पहिल्या दोन आठवड्यांत टॉवर ब्रिज, ऑक्सफर्ड वगैरे उरकतं आणि मग जुने वाडे नि बागा सुरू होतात. घरात पाच वर्षांचं पोर असेल तर त्या बागेत झुकझुकगाडी हवीच. लंडनहून एका दिवसात होण्यासारख्या दोन जागांमध्ये आमचं घोडं अडलं होतं: एसेक्समधलं ऑडली एंड आणि हॅम्पशायरमधलं एक्सबरी. आता दोन्ही करून झाल्या आहेत, म्हणून लिहितोय.

वाडा बघायचा असेल तर प्रश्नच नाही, ऑडली एंड. पुढे राजाचा खजिनदार झालेल्या सरदारानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं हे प्रकरण आतून बघता येतं, आणि आईला दिवाणखान्यांपेक्षा मागचा स्वयंपाकघराचा भाग जास्त आवडला. १८८०च्या दशकात तिथे एव्हिस क्रोकोम नावाची स्वयंपाकीण होती; यूट्यूबवर तिच्या वेशातल्या बाईंचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. एक्सबरीत घर बाहेरूनच बघायचं. तिथलं वैभव म्हणजे बाग.

गाडीचं गणित वेगळं. ऑडली एंडची गाडी वाड्याच्या आवारात नाही. रस्त्यापलीकडे तिचं वेगळं फाटक, वेगळं तिकीट, आणि वाडा सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेचं कार्ड तिथे चालत नाही. वाडा १९४८ मध्येच सरकारकडे गेला होता. गाडी त्यानंतर, १९६४ मध्ये, वाड्याच्या जुन्या मालक घराण्यातल्या लॉर्ड ब्रेब्रुक यांनी सुरू केली. उद्घाटनाला मोटारशर्यतीतले स्टर्लिंग मॉस आले होते. दीडेक मैलाचा फेरा, झाडी, आणि झाडीत जागोजागी बसवलेली टेडी अस्वलं. आमच्या चिरंजीवांनी ती मोजली. जाताना एक आकडा आला, येताना दुसरा, त्यावरून घरी पोचेपर्यंत भांडण. सहा-सात वर्षांखालचं मूल हाच तुमचा मुख्य प्रवासी असेल तर खुशाल इथेच जा, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझं घोडं अडलं ते रुळांच्या मापावर, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावर. ऑडली एंडची गाडी सव्वादहा इंची, एक्सबरीची सव्वाबारा इंची. दोन इंचांनी काय होतंय, असं मलाही वाटलं होतं. (आपली माथेरानची गाडी दोन फुटी, म्हणजे २४ इंची. तीसुद्धा आपल्याला खेळणं वाटते!) पण या मापावर इथे दीडशे वर्षांपूर्वी डोकं खपवलेला एक गृहस्थ होऊन गेला, सर आर्थर हेवूड. त्यानं आधी नऊ इंची गाडी करून पाहिली, ती डुगडुगायची. मग १८७४ मध्ये डफिल्डला स्वतःच्या घराच्या आवारात पंधरा इंची टाकली आणि कामाच्या गाडीला याहून कमी चालणार नाही असं ठरवून टाकलं. चेशरमधल्या ईटन हॉलला १८९६ मध्ये ड्यूकसाठी कोळसा वाहायला त्यानं याच मापाची गाडी बांधली.

दोन इंचांनी काय होतं हे मला कळलं ते आईच्या गुडघ्यामुळे. त्याआधी एका दुसऱ्याच बागेत (नाव राहू द्या, दोष त्यांचा नव्हता) आम्ही अशाच सव्वादहा इंची गाडीत बसलो होतो. बसलो म्हणजे काय, खाली उतरलो. बैठक जमिनीपासून जेमतेम दोन वितींवर, पाय पुढच्या खोबणीत, गुडघे छातीशी. आईनं निऱ्या मुठीत धरल्या, एक हात माझ्या खांद्यावर, आणि "अरे, थांब थांब" म्हणत ती टेकली. उठताना मात्र गार्ड आणि मी अशा दोघांनी तिला ओढून काढलं. मागची माणसं शांतपणे थांबली होती, तेच तिला जास्त लागलं. त्यामुळे ऑडली एंडला ती गाडीत बसलीच नाही. बाकावर पिशव्या सांभाळत बसली आणि गाडी सुटताना हात केला. तो हात माझ्या डोक्यातून जाईना.

एक्सबरीत ती स्वतः चढली. छताचे, दाराचे डबे, टेकायला बऱ्यापैकी उंच बाक. मी काही पट्टी घेऊन मापलं नाही, पण ती कुणाचा हात न धरता उतरली, मला तेवढं पुरे. गाडी बागेतूनच जाते, एक बोगदा, तळ्यावरचा पूल, सव्वा मैल, वीसेक मिनिटं. तेही खरं वाफेचं इंजिन. चिरंजीवांच्या पांढऱ्या टीशर्टवर काजळीचे दोन ठिपके घरी आले. एप्रिल-मेमध्ये गेलात तर ऱ्होडोडेंड्रॉन, म्हणजे हिमालयातला बुरांश, नुसता पेटलेला असतो. लायोनेल डी रॉथस्चाइल्ड यांनी १९१९ मध्ये ही इस्टेट घेतली आणि हिमालयात झाडं शोधणाऱ्यांच्या मोहिमांना पैसे पुरवले, त्याचं हे फळ.

तोटे आहेत. गाडीचं तिकीट इथेही बागेच्या तिकिटावर वेगळंच. आणि स्वतःची मोटार नसेल तर एक्सबरी अवघड. ऑडली एंडला लिव्हरपूल स्ट्रीटहून केंब्रिजची लोकल पकडली की स्टेशनापासून मैलभर चालायचं. शिवाय एक्सबरीत अस्वलंही नाहीत. तरी आजी-आजोबा बरोबर असतील तर मी, आपलं माझ्यापुरतं, एक्सबरी म्हणेन.

एक्सबरीची गाडी लायोनेल यांचे चिरंजीव लिओपोल्ड यांनी २००१ मध्ये सुरू केली. परतताना मी आईला सांगितलं, पहिल्या दोन इंजिनांना, रोझमेरी आणि नाओमी, त्यांच्या बहिणींची नावं आहेत, आणि २००८ मध्ये तिसरं आलं, मॅरिलू, ते त्यांच्या आईचं.

"म्हणजे आईचा नंबर सात वर्षांनी लागला," आई म्हणाली, आणि पट्टा लावून डोळे मिटून बसली.