वीस बाइटांचा बॅकअप : आरक्लोनच्या ‘आरकॅट’सोबत आठ महिने

ऑगस्टमध्ये खानापुरात पाऊस कोसळत होता आणि आमच्या पतसंस्थेच्या, म्हणजे सोसायटीच्या, सेक्रेटरी काकांचा फोन आला. तिथला कॉम्प्युटरचा बॅकअप माझ्याकडे. “पिग्मीची एक खातेवही चुकून पुसली बघ. बॅकअप हाय न्हवं?”

“होय की काका, रोज जातोय.”

खरंच रोज जात होता, आरक्लोन या क्लाउडवर फाइली पाठवणाऱ्या टूलमधून. त्यातली ‘आरकॅट’ कमांड पाइपमधून, म्हणजे आधीच्या कमांडकडून थेट, येणारा डेटा वर चढवते. क्लाउडवर रोजची फाइल, नाव-तारखेसकट. फक्त शेवटच्या अकरा फाइली प्रत्येकी २० बाइटच्या होत्या.

डेटा आवळून लहान करणाऱ्या जीझिपला काहीही दिलं नाही तरी तो रिकामी पुडी बांधून देतो. त्या पुडीचं वजन २० बाइट. हा आकडा मी आता जन्मभर विसरणार नाही.

झालं होतं असं : डेटाबेसचा पासवर्ड मीच बदलला आणि स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. डेटाबेसची प्रत काढणारा मायएसक्यूएलडंप दारातच आपटला, जीझिपने शून्याची पुडी बांधली, आरकॅटने ती इमानेइतबारे वर पोचवली आणि काम फत्ते म्हणून कळवलं. पाइपलाइनचा (एकापुढे एक जोडलेल्या कमांडांचा) निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल, हा बॅशचा, म्हणजे कमांडा चालवणाऱ्या शेलचा, जुनाच कायदा. पुढचे दोघे मेले तरी विचारतो कोण? अकरा दिवसांच्या नोंदी एजंटांच्या पुस्तकांवरून परत टाइप करण्यात दोन रात्री गेल्या. काकांनी चहा पाजला, पण सोबत बिस्किट नव्हतं. काय ते समजलो.

त्या रात्री मी आरक्लोनला भरपूर शिव्या दिल्या. आता निवळलोय, चूक माझीच. पण एक गोष्ट अजून डाचते. येणारा डेटा १०० केबीच्या आत संपला तर आरकॅट तो आधी मेमरीत धरतो आणि साध्या फाइलीसारखा एका दमात चढवतो. म्हणजे हातात चिमूटभर आलंय, हे त्याला कळलेलं असतं! रोज चार जीबी जाणाऱ्या ठिकाणी २० बाइट आले, तर एखादा शब्द बोलावा की. तो कसा बोलणार, काल किती आलं होतं हे त्याला कुठे माहीत, हेही मला कळतं. तरी डाचतं.

तुम्ही म्हणाल, फाइल आधी डिस्कवर घे, मग चढव. आरक्लोनच्या माहितीपुस्तिकेतही मोठ्या डेटासाठी तोच सल्ला आहे, कारण पाइपमधून गेलेलं कुठे साठवलेलं नसतं. मोठा डेटा तुकड्यातुकड्यांनी जातो; एखादा तुकडा अडकला तर तेवढा परत पाठवता येतो, अख्खी फाइल नाही. पण सोसायटीच्या मशीनला १२० जीबीची डिस्क, त्यात रिकामी जागा पाच जीबी. नवी डिस्क म्हणजे कमिटीची मीटिंग, तीन कोटेशनं आणि ‘आताची चालतीय न्हवं?’ हा प्रश्न. त्यापेक्षा पाइप बरा.

आणि पाइप म्हणून हे टूल खरंच गुणी आहे. पाच-पाच एमबीचे चार तुकडे एका वेळी, त्यामुळे दोन जीबी रॅमच्या म्हाताऱ्या मशीनला पत्ताही लागत नाही. १०,००० तुकड्यांची मर्यादा आहे, म्हणजे या मापाने साधारण ४८ जीबीपर्यंत. आम्ही तिथवर कधी पोचणार! वेगाचं वेळापत्रक लावता येतं हे कळलं तेव्हा तर मी उडालोच. सकाळी आठपासून ५१२ केबी, सातनंतर मोकळं. काउंटरवरच्या मुलीची ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार त्याच दिवशी बंद झाली.

दुरुस्तीची कथा वेगळीच. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ लावलं की मधला कोणी पडला तरी कळतं, म्हणून मी ते थेट क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्याच्या) ओळीत घातलं. क्रॉन साधं शेल चालवतो. माझ्या उबुंटूवर ते डॅश आहे आणि त्याला पाइपफेल ठाऊकच नाही, ते पहिल्याच शब्दाला थांबलं. तीन रात्री २० बाइटसुद्धा गेले नाहीत. आता स्क्रिप्ट वेगळ्या फाइलीत, वर बॅशचं नाव.

तरी पाइपफेल सांगतो ते वरात निघून गेल्यावर. अर्धवट फाइल वर पोचलेलीच असते. म्हणून आधी कच्च्या नावाने चढवतो, सगळं ठीक असेल तरच नाव बदलतो. एस-थ्री (अ‍ॅमेझॉनची क्लाउड साठवण) पद्धतीच्या साठ्यात नाव बदलणं म्हणजे नक्कल करून मूळ पुसणं, पण ते त्यांच्याकडेच होतं, आपलं नेट खर्च होत नाही. शिवाय जीझिपच्या आधी ‘टी’ बसवलाय. नळजोडणीत असतो तसाच, एक धार वर, एक बाजूला. बाजूच्या धारेतली शेवटची ओळ ‘डंप कम्प्लिटेड’ नसेल तर मला मेसेज.

एवढं करून सुखाने बसलो, तर सप्टेंबरचं क्लाउडचं बिल ७४ रुपयांनी जास्त. हसू नका, महिन्याचे ७४! फाइलींची यादी काढली तर सगळं जागच्या जागी. दोन दिवस शोधल्यावर कळलं, रात्री लाईट गेली की मशीन बंद पडतं आणि तोवर गेलेले तुकडे वर तसेच पडून राहतात. यादीत दिसत नाहीत, भाडं मात्र चालू. आरक्लोनच्या ‘क्लीनअप’ने २४ तासांपेक्षा जुने असले अर्धवट तुकडे साफ होतात. पावसाळ्यात आमच्याकडे किती वेळा लाईट जाते ते खानापूरकरांना सांगायला नको.

काकांना म्हटलं, यूपीएसची बॅटरी बदलूया. “दिवाळीनंतर बघू.” दिवाळी झाली. क्लीनअप दर रविवारी चालतंय.